कागदाची पट्टी

पेटी पत्र्याची आहे. दोन्ही हातांत धरून छातीशी लावावी एवढी. पुढे दोन कड्या, मागे लांब बिजागरी, झाकणावर पांढऱ्या गोलात लाल फुली. लाल रंग आता भाजलेल्या विटेसारखा झालाय, पांढरा पार पिवळटलाय. बाकी सगळ्या पेटीला मातकट पिवळा रंग आहे, पण कोपऱ्यांवर टवके उडालेत आणि तिथे खालून राखाडी डोकावतो. जर्मन सैन्याने फेब्रुवारी १९४३ मध्ये आपल्या गाड्यांचा रंग राखाडीवरून गडद पिवळ्यावर नेला. म्हणजे ही पेटी त्याच्या आधीची असावी आणि नंतर कुणीतरी कुंचला घेऊन तिच्यावर हात फिरवला असावा. कुंचल्याचे केस दोन ठिकाणी रंगात अजून चिकटलेले आहेत.

माझं अंबडच्या बाजारात औषधांचं दुकान आहे. मागच्या खोलीत एका फळीवर मी प्रथमोपचाराच्या जुन्या पेट्या मांडून ठेवल्यात. एक लाकडी, शाळेतली. एक बंद पडलेल्या जिनिंगमधली, जाड पत्र्याची. (कारखान्यात दर दीडशे कामगारांमागे किमान एक अशी पेटी हवी, असं १९४८ च्या कारखाने कायद्यात लिहिलेलं होतं. त्या पेटीवर सरकीच्या तेलाचा थर इतका बसलाय, की बोट ठेवलं तर ठसा उमटतो.) एक जीपमधली, एक ट्रकमधली. भाची नोकरीनिमित्त स्टुटगार्टजवळ राहते. तिथल्या रविवारच्या जुन्या बाजारात तिला ही पेटी दिसली आणि गेल्या दिवाळीला येताना ती साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून घेऊन आली. म्हणाली, "मामा, तुमच्या फळीवर परदेशातली एकही नाही."

विकणाऱ्याने पेटी स्वस्तात दिली होती, कारण ती उघडलेली होती आणि अर्ध्याहून जास्त रिकामी. झाकणाच्या आतल्या बाजूला सामानाच्या यादीचा कागद डकवलेला, त्याचा वरचा तिसरा हिस्साच उरलेला. आत एक त्रिकोणी फडकं, गंजलेल्या सेफ्टीपिना आणि दोन गुंडाळ्या. त्यातली एक जाळीच्या कापडाची. दुसरी हातात घेतली तर कुरकुरली. ती कागदाची होती.

त्या कागदाच्या गुंडाळीने माझं वर्ष खाल्लं. हा लेख तिच्यासाठी आहे. पण आधी मी पेट्या का जमवतो ते सांगितलं पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची रात्र. वडीगोद्रीच्या अलीकडे, सोलापूर-धुळे महामार्गावर, मोटारसायकलवरचा एक पोरगा रस्त्याच्या कडेला पडलेला दिसला. गाडी थांबवली. मांडीतून रक्त चाललेलं होतं, उडत नव्हतं पण थांबतही नव्हतं. मी गाडीतली प्रथमोपचार पेटी काढली. औषधवाला माणूस, माझ्या गाडीत पेटी होतीच. उघडली. लाल औषधाची बाटली आटून तळाला खपली झालेली. चिकटपट्टी उन्हाने वितळून डब्याला बसलेली. गॉजचं पाकीट नव्हतं. ते कधीतरी घरात कुणाला खरचटलं तेव्हा काढलं आणि परत ठेवलं नाही. शेवटी बायकोने अंगावरची सुती ओढणी दिली. तिची घडी जखमेवर दाबून धरली, उरलेल्या पदराने बांधली आणि जालन्यापर्यंत ती हाताने दाबून बसली. पोरगा वाचला. आजही दुकानावरून जाताना हात करतो.

त्या रात्रीनंतर मी दुसऱ्यांच्या गाड्यांमधल्या पेट्या उघडून बघायला लागलो. पुढे जुन्या पेट्या मागून आणायला लागलो. पेटीत काय ठेवलंय यावरून ती ठेवणाऱ्याने जखमेचा किती विचार केला होता ते कळतं, असं माझं मत झालं. आणि काय उरलंय यावरून पुढे काय घडलं ते कळतं.

आता जर्मन पेटीकडे.

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन सैन्य म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे रणगाड्यांच्या रांगा येतात. प्रत्यक्षात त्यांचा बराचसा भार लाखो घोड्यांनी ओढला. पण ज्या गाड्या होत्या, हलक्या उघड्या मोटारींपासून मालाच्या ट्रकपर्यंत आणि चिलखती गाड्यांपर्यंत, त्यांत ही पेटी ठरलेल्या जागी असायची. ती डॉक्टरसाठी नव्हती, वैद्यकीय पथकातल्या शिपायासाठीही नव्हती. त्यांच्या पिशव्या वेगळ्या, त्यांत सुया, औषधं, हत्यारं. गाडीतली पेटी चालकासाठी आणि त्याच्या शेजारी बसलेल्यासाठी होती. ज्याने आयुष्यात कधी जखम बांधली नाही, ज्याचे हात थरथरतायत, त्याने ती उघडायची होती. म्हणून यादी झाकणाच्या आत, डोळ्यांपुढे. म्हणून प्रत्येक वस्तूला आपला खण.

आत काय असायचं? जाळीच्या पट्ट्यांच्या गुंडाळ्या. त्रिकोणी फडकी. चिकटपट्टी, बायर्सडॉर्फ कंपनीची 'ल्यूकोप्लास्ट' १९०१ पासून बाजारात होती आणि आपल्याकडेही ते नाव मेडिकलवाल्यांच्या तोंडी आहे. कात्री, सेफ्टीपिना. भाजलेल्या जागेसाठी बिस्मथची पूड भरलेली खास पट्टी, कारण गाडीत पेट्रोल असतं आणि गाडी पेटली की माणूस आधी भाजतो. आणि शिवलेली पाकिटं. या पाकिटांची रचना फार विचाराने केलेली आहे. बाहेरून रबर चढवलेलं राखाडी कापड, कडेने टाके. दोरा ओढला की शिवण उसवते. आत पट्टी अशी घडी घातलेली, की दोन्ही टोकं धरून ताणली तर मधली निर्जंतुक गादी हात न लागता जखमेवर बसते. प्रत्येक जर्मन सैनिकाच्या अंगरख्याच्या आतल्या खिशात अशी एक मोठी आणि एक छोटी असायची. गाडीत आणखी.

त्रिकोणी फडक्याची गोष्ट याहून जुनी. कील शहरातले शल्यविशारद फ्रीडरिश फॉन एस्मार्ख यांनी एकोणिसाव्या शतकात ते सैन्यात रुजवलं. त्यांच्या फडक्यांवर चित्रं छापलेली असायची: जखमी माणसं, कुणाचं डोकं, कुणाचा गुडघा, कुणाचा खांदा, आणि हेच फडकं तिथे कसं बांधायचं ते. म्हणजे वापरायची रीत त्या वस्तूवरच. अक्षरओळख नसलेल्या शिपायालाही कळावं. १८८२ मध्ये त्यांनी सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकवणारे वर्ग सुरू केले. एका सर्जनने आपली विद्या गाडीवान, पोलीस आणि गिरणीकामगारांच्या हातात द्यावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. माझ्या पेटीतलं फडकं साधं आहे, चित्रांशिवायचं. पण घडी तीच. मी उलगडलं आणि पुन्हा त्याच सुरकुत्यांवर मिटलं.

ही पेटी जिथे अडकवलेली असेल अशी गाडी बघायची, म्हणून पावसाळ्याच्या आधी नगरला गेलो. आता अहिल्यानगर. आम्हा अंबडकरांना ते नाव जवळचं; मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर अहिल्याबाईंच्या कामाच्या खुणा आहेत. नगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि त्याचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून लोकांना खुलं आहे. उघड्या मैदानात, झाडांच्या सावलीत रणगाडे उभे आहेत. पाकिस्तानकडून जिंकून आणलेले पॅटन आहेत, जपानी आहेत, ब्रिटिश आहेत. त्यांतच युद्धकाळातली जर्मन चिलखती गाडी आहे आणि ८८ मिलिमीटरची जर्मन तोफही आहे. पोरं तोफेच्या नळीपाशी फोटो काढत होती. मी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. पत्रा उन्हाने तापलेला. अशा गाडीत चार-पाच माणसं, दारूगोळा आणि पेट्रोल. आग लागली तर बाहेर पडायला एक माणूस मावेल एवढं झाकण. भाजल्याची पट्टी वेगळी का दिली होती, ते तिथे उभं राहिल्यावर अंगावर आलं.

जर्मनांचा आणि नगरचा संबंध तेवढाच नाही. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिशांनी हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन लोकांना नगरच्या छावणीत डांबून ठेवलं होतं. पुढे तिबेटवरच्या पुस्तकाने जगभर गाजलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर हाही १९३९ मध्ये पकडला गेल्यावर आधी नगरलाच आणला गेला, मग देवळालीला, मग डेहराडूनला.

अशा पेट्या जमवणारे युरोप-अमेरिकेत पुष्कळ आहेत. जुन्या गाड्या नीट करणारे लोक शेवटी या छोट्या वस्तूंपाशी येतात: गाडी चालू झाली, रंग झाला, आता खणात पेटी हवी, पेटीत यादीप्रमाणे सगळं हवं. त्यासाठी ते किती बारकाईने बघतात! युद्धकाळात जर्मन कारखान्यांनी मालावर स्वतःचं नाव छापणं बंद करून तीन अक्षरी सांकेतिक खूण छापायला सुरुवात केली, म्हणजे शत्रूच्या विमानांना कारखाना सापडू नये. पुढे आकड्यांचे लांबलचक क्रमांक आले. जाणकार माणूस पाकिटावरची तीन अक्षरं वाचून कारखाना सांगतो, दोऱ्याचा प्रकार बघून साल सांगतो. खोटा मालही तितकाच आहे. नवी पट्टी चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करतात. नव्या पत्र्याला मिठाच्या पाण्याने गंज आणतात. 'पेर्विटीन' नावाच्या मेथॅम्फेटामीनच्या गोळ्या जर्मन सैन्यात १९४० च्या फ्रान्सच्या मोहिमेत कोट्यवधींनी वाटल्या गेल्या, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. म्हणून त्यांची नळी पेटीत टाकली की भाव वाढतो. गाडीतल्या मलमपट्टीच्या पेटीशी तिचा काही संबंध नव्हता.

सगळ्यात जास्त भाव असतो तो न उघडलेल्या पेटीला. यादीतलं प्रत्येक पाकीट जागेवर, एकही दोरा ओढलेला नाही, चिकटपट्टीची गुंडाळी पहिल्या वेढ्यावर. मी असे फोटो तासन् तास पाहिले आहेत आणि त्या वस्तूंची देखणी मांडणी मनापासून आवडते. पण मला ठामपणे वाटतं, की संग्राहकांनी भाव उलटा लावलाय. न उघडलेली पेटी म्हणजे जिच्याकडे कुणी कधी धावलं नाही ती. माझ्या पेटीतून कुणीतरी भाजल्याची पट्टी काढली आहे. खण रिकामा आहे, तळाला पिवळी पूड सांडलेली आहे. कोण भाजलं होतं? त्या रिकाम्या खणात माझी नजर जास्त वेळ अडकते.

एक गोष्ट बोलायलाच हवी. ही पेटी हिटलरच्या सैन्याची आहे. माझ्या पेटीवर गरुड किंवा त्यांचं ते चिन्ह नाही, पण अनेक पेट्यांतल्या वस्तूंवर शिक्के असतात. जर्मनीत ते चिन्ह मिरवणं कायद्याने गुन्हा आहे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतो, उंबरठ्यावर काढतो, आणि त्यामुळे त्या शिक्क्याकडे बघताना आपल्या मनात तेवढी भीती उठत नाही. ती उठली पाहिजे. त्यांनी आपलं शुभचिन्ह उचलून ज्या कामाला लावलं, त्याचा एक धागा थेट या मलमपट्टीपर्यंत येतो.

जखम चिघळू नये म्हणून त्या काळी सल्फा औषधं नवीन आली होती. त्यांतलं पहिलं, 'प्रॉन्टोसिल', जर्मनीतच गेरहार्ड डोमाक यांनी शोधलं. १९३९ चं नोबेल त्यांना जाहीर झालं, पण हिटलरच्या राजवटीने ते नाकारायला लावलं. पदक हातात पडलं १९४७ मध्ये. आणि त्याच सल्फाची परीक्षा घेण्यासाठी १९४२-४३ मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत ७४ पोलिश स्त्रियांवर प्रयोग केले गेले. त्यांच्या पायांना मुद्दाम जखमा केल्या, त्या जखमांत जंतू भरले, लाकडाचे आणि काचेचे तुकडे भरले. रणांगणावरची जखम हुबेहूब व्हावी म्हणून. काही बायका त्यात मेल्या, काही नंतर गोळ्या घालून मारल्या गेल्या, वाचल्या त्या जन्मभर लंगडल्या. या प्रयोगांचा प्रमुख डॉक्टर कार्ल गेभार्ट. युद्धाच्या अगदी शेवटच्या दिवसांत तोच जर्मन रेड क्रॉसचा अध्यक्ष झाला होता. न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात त्याला दोषी ठरवून जून १९४८ मध्ये फाशी दिली. माझ्या पेटीवरची लाल फुली आणि हा माणूस, दोघंही एका व्यवस्थेचे. फळीवर पेटी ठेवताना मी हे एका कार्डावर लिहून तिच्या पायथ्याशी ठेवलं. बघायला येणाऱ्या पोरांना ते वाचायला लावतो.

आता कागदाची गुंडाळी.

ती चार बोटं रुंद आहे. रंग फिकट तपकिरी, चहाच्या गाळणीवरच्या डागासारखा. लांबीच्या दिशेने बारीक चुण्या, सणाच्या झिरमिळ्यांच्या कागदाला असतात तशा, म्हणजे थोडी ताण खाते. नाकाशी नेली तर जुन्या वहीचा वास. औषधाचा वास अजिबात नाही. मला आधी वाटलं, हे वेष्टन असेल. मग भाचीने तिथल्या जाणकाराला विचारून सांगितलं, की नाही, हीच पट्टी. जखमेवर गुंडाळायची.

कारण कापूस नव्हता. जर्मनीत कापूस पिकत नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश आरमाराने समुद्रमार्ग अडवले आणि बाहेरून येणाऱ्या गाठी आटल्या. जर्मनांनी हे आधी एकदा भोगलं होतं. पहिल्या महायुद्धातही नाकेबंदीमुळे जर्मन इस्पितळांत कागदाच्या पट्ट्या आल्या होत्या. म्हणून १९३६ पासूनच लाकडाच्या लगद्यातून कृत्रिम धागा काढायचे कारखाने उभे केले होते. कापसाच्या बोळ्याऐवजी लाकडाच्या लगद्याचे पातळ पापुद्रे. जाळीच्या पट्टीत कृत्रिम धाग्याची भेसळ. आणि युद्ध जसं लांबलं तशी शुद्ध कागदाची गुंडाळी. गंमत बघा, म्हणावं असं यात काही नाही. ज्या देशाने जगाला औषधी कापूस दिला त्याचीच ही अवस्था. बोंडातला कापूस जसाच्या तसा जखमेवर उपयोगाचा नसतो, कारण त्याच्या तंतूवर मेणाचा थर असतो आणि तो पाणी शोषत नाही. हे मेण काढून कापूस पाणी पिणारा कसा करायचा, याचं काम ट्युबिंगनचे सर्जन व्हिक्टर फॉन ब्रुन्स यांनी केलं आणि हायडेनहाइमच्या पाउल हार्टमान यांच्या कारखान्यात १८७३ पासून तो बनू लागला. आज मी दुकानात जो गुंडाळीचा कापूस विकतो, त्याचं मूळ तिथे.

मी अंबडचा आहे. आमच्या तालुक्यात कापसाला पांढरं सोनं म्हणतात ते उगाच नाही. दसऱ्याच्या सुमारास रस्त्याने निघा, दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, जालन्याकडे जाणाऱ्या टेम्पोतून कापसाचे पुंजके उडून बाभळींना लटकलेले. अशा गावातल्या माणसाच्या हातात कागदाची पट्टी आली. रात्री झोप लागेना.

एके दिवशी दुकान बंद केल्यावर मी ते केलं जे कुठलाही संग्राहक करणार नाही. त्या गुंडाळीचा वीतभर तुकडा कापला. आजच्या गॉजचा तेवढाच तुकडा घेतला. तिसरा तुकडा बायकोच्या जुन्या सुती लुगड्याचा. तीन बशांत पाणी घेतलं आणि तिन्ही तुकडे सोडले. गॉज लगेच भिजून तळाला गेलं. लुगड्याचा तुकडा क्षणभर रेंगाळला आणि गेला. कागद पाणी प्यायला, हे कबूल केलं पाहिजे. चुण्या सुटल्या, रंग गडद झाला. मग तो उचलून मी माझ्या मनगटाभोवती गुंडाळला आणि गाठ मारायला गेलो. पहिल्याच ओढीला तो मधोमध तुटला. दुसऱ्या तुकड्याने प्रयत्न केला, हलक्या हाताने. बांधला गेला, पण मूठ वळली तसा फाटला. ऐंशी वर्षांचा कागद आहे, नवा असताना इतका कच्चा नसेल, हेही खरं. पण ओला कागद तो ओला कागदच. रक्ताने भिजलेली अशी पट्टी बर्फात, चालत्या ट्रकमध्ये, किती वेळ टिकत असेल?

याच वर्षांत इकडे काय चाललं होतं? अंबड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात. मनमाडहून सिकंदराबादला जाणारी रेल्वे १९०० मध्ये सुरू झाल्यापासून जालना कापसाची मोठी पेठ झाली होती. हिंदुस्थानातल्या आखूड धाग्याच्या कापसाचं मोठं गिऱ्हाईक होतं जपान. १९४१ मध्ये तो बाजार तुटला. एकीकडे कापूस पडून, दुसरीकडे सैन्याच्या मागणीमुळे बाजारात कापडच मिळेना. जून १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने कापडावर नियंत्रण आणलं. त्या पिढीतली म्हातारी माणसं 'कंट्रोलचं कापड' हा शब्द मरेपर्यंत वापरायची. कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर दंड घातलेलं, ठिगळ लावलेलं लुगडं. जर्मन चालकाच्या पेटीत कागद आणि आमच्या वेचणाऱ्या बाईला नेसायला नाही, ही दोन टोकं माझ्या डोक्यात एकमेकांना बांधली गेली आहेत.

आणि त्या कागदाच्या पट्टीच्या पलीकडच्या बाजूला मराठी माणसं होती. इटलीत मराठा पलटणी जर्मनांशी लढत होत्या. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव हे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते, कंपनीचे निरोप्या. वय २३. ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी सान पोलितोच्या उत्तरेला सेनिओ नदी ओलांडायची होती. नदी रुंद नाही, जेमतेम पंधरा फूट, खोली चार-पाच फूट. पण दोन्ही बाजूंना पूर अडवायचे तीस-पस्तीस फूट उंच उभे बांध आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी खणलेली बिळं. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगाला सुरुंगांचा पट्टा. पाण्यातून पलीकडे निघताना मागून तीन ठिकाणांहून गोळीबार झाला. कंपनी कमांडर आणि दोन शिपाई जखमी. बाकीचे जाधव सोडून सगळे ठार.

जाधवांनी एका जखमी सोबत्याला उचललं. खोल पाण्यातून, उभा बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे सुखरूप नेलं. आणि परत आले. दुसऱ्याला तसंच नेलं. दोन्ही खेपा मशीनगन आणि उखळी तोफांच्या माऱ्यात. त्यानंतर ते त्या तीन ठाण्यांवर चालून गेले. पहिलं टॉमीगनने गप्प केलं. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. बॉम्ब संपले तेव्हा रांगत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी आणले. तिन्ही ठाणी शांत झाल्यावर माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत मागच्या कंपन्यांना हात करून बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ मध्ये ते वारले.

हा प्रसंग लढाईचा म्हणून सांगतात. मला तो आधी त्या दोन खेपांचा वाटतो. मरण उभं असताना माणसाने पहिलं काम काय केलं, तर जखमींना उचललं. बंदूक नंतर.

त्या संध्याकाळनंतर महिनाभरात जर्मनी शरण आली. पेट्या गाड्यांतून उतरल्या, कुणी त्यांत खिळे ठेवले, कुणी शिवणाचं सामान. जर्मनीत आज प्रत्येक खासगी मोटारीत ठरलेल्या मापाची प्रथमोपचार पेटी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि तिच्यात काय काय असावं याचं राष्ट्रीय मानक आहे. आपल्याकडेही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत गाडी विकतानाच प्रथमोपचार पेटी देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरच्या रुग्णवाहिका धावतात. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण दिलं. पोलीस किंवा दवाखाना त्याला बळजबरीने अडकवू शकत नाही. पण रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं पेटीची असतात. दिवाळीला गाडी धुऊन हार घालाल, तेव्हा डिकीतली पेटी काढून एकदा उघडा. चिकटपट्टी सुटते का बघा. ही माझी हात जोडून विनंती आहे.

आता शेवटचं, कापसाचं. माझ्या आजोबांच्या रानात गावरानी कापूस असायचा. बोंड बारीक, धागा आखूड आणि जाडाभरडा. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्या बियाण्याची कंपनी आमच्या जालन्याचीच, आणि काही वर्षांत सगळं रान लांब धाग्याच्या संकरित कापसाने भरलं. गावरानी बांधावरसुद्धा उरला नाही. आणि शेतकी शास्त्रज्ञ सांगतात, की तो आखूड, जाड धागाच जखमेच्या कापसाला सगळ्यात चांगला, कारण तो पाणी जास्त शोषतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्यासाठीच 'फुले धन्वंतरी' नावाचं देशी वाण काढलंय. जे अंगावर घालायला हलकं म्हणून आपण टाकून दिलं, ते रक्त थांबवायला उत्तम निघालं. हे कळल्यावर मी धाकट्या भावाच्या मागे लागलो. त्याने यंदा विहिरीजवळ देशी कापसाच्या सहा ओळी लावून दिल्या.

दसऱ्यानंतर सीतादही केलं. भावजयीने पऱ्हाटीपाशी दहीभात ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि पहिली मूठ वेचून माझ्या हातात दिली. घरी येऊन सरकी बोटांनी काढली. एक बोळा तसाच पाण्यात टाकला, तो तासभर तरंगत राहिला, बदकासारखा कोरडा. उरलेला धुण्याच्या सोड्यात दीड तास उकळला. पाणी चहासारखं झालं, घरभर ओल्या गोणपाटाचा वास सुटला, बायकोने खिडक्या उघडल्या. चार पाण्यांनी धुऊन दोरीवर पिंजून वाळवला. संध्याकाळी तीन बशा पुन्हा मांडल्या. वाळलेला बोळा पाण्यावर ठेवला आणि हात काढायच्या आत तो बुडाला.

पेटीतला भाजल्याच्या पट्टीचा खण रिकामा आहे. त्याच्या शेजारी, कागदाच्या गुंडाळीला लागून, तो बोळा ठेवलाय.